वाटाड्या कोण होता? कुरवंडे ते बोरघाट, मावळातल्या रानवाटांची गोष्ट

लोणावळा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चिक्की, भुशी डॅम, धुकं आणि रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवेवर अडकलेल्या गाड्या. बरोबर ना? आज आपण गाडी बाजूला लावणार आहोत. आजचा एपिसोड चालत ऐकायचा आहे, कारण तो चालण्याबद्दलच आहे. डोंगराच्या पोटातून, जंगलातून खाली कोकणात उतरणाऱ्या पायवाटा, त्या कोणी केल्या, कोणी वापरल्या आणि त्यांचं पुढे काय झालं, हा आजचा विषय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू या. सह्याद्री म्हणजे भिंत. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण 620 मीटरवर आहे आणि तिथून सरळ रेषेत काही किलोमीटर पश्चिमेला गेलं की जमीन एकदम खाली कोसळते. वर देश, खाली कोकण. वरच्यांना मीठ हवं, खालच्यांना धान्य हवं. बंदरावर आलेला माल वर चढवायचा, वरचा कापूस-कापड खाली उतरवायचं. मग भिंतीला भोकं पाडावीच लागतात. त्या भोकांना आपल्याकडे किती नावं आहेत बघा. घाट, खिंड, नाळ, दार, वाट, शिडी. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे नाहीत हं. घाटातून लादलेला बैल जातो. नाळ म्हणजे पाण्याने कापलेली उभी घळ, तिथून माणूस जातो, बैल नाही. शिडीच्या वाटेने जायचं तर पाठीवरचं ओझंही हलकं हवं. कोणत्या वाटेवरून काय जाईल, हे नावातच सांगून ठेवलंय.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवरसुद्धा हा फरक आहे. नकाशाच्या खालच्या सूचीत गाडीवाट वेगळी, लादलेल्या जनावरांची वाट वेगळी आणि पायवाट वेगळी दाखवलेली असते. तुटक रेघा सारख्याच वाटतात, पण नीट पाहिलं तर प्रत्येक रेघेत एक जुना ट्रॅफिक नियम लपलेला असतो.

आता या वाटा किती जुन्या? कार्ल्याची लेणी तुम्ही पाहिली असतील. एकवीरा आईच्या दर्शनाला गेलात तर शेजारीच. पण पुढच्या वेळी फोटो काढून झाले की तिथले शिलालेख कोणाचे आहेत ते विचारा. एका दारासाठी देणगी दिली आहे सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने. एक दार केलंय सामी नावाच्या सुताराने. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटचे यवन आहेत. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बनवासी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कुठलं बनवासी आणि कुठला मावळ! ही माणसं इथे सहलीला आली नव्हती. कार्ला, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी बंदरांकडे जाणाऱ्या घाटवाटांच्या माथ्याजवळ आहेत. आणि राजमाचीच्या पायथ्याला, खाली कोकणाच्या बाजूला कोंढाण्याचं लेणं आहे, ते वाटेच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या शिल्पाजवळ एक छोटा लेख आहे. त्याचा अर्थ एवढाच, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीची सही!

म्हणजे दार करणाऱ्याचं नाव राहिलं, मूर्तिकाराचं राहिलं, पैसे देणाऱ्याचं तर राहिलंच. वाट करणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चला कुरवंड्याला. लोणावळ्याहून आयएनएस शिवाजी या नौदलाच्या तळाकडे जो रस्ता जातो तोच पुढे कुरवंडे गावात जातो. नागफणीचा सुळका, ज्याला इंग्रजांनी ड्यूक्स नोज असं नाव दिलं, तो इथेच. गावाच्या पुढे पठार संपतं आणि वाट झाडीत शिरून उतरायला लागते. सुरुवातीला वाटतं, सोपं आहे की! मग दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात, वारा पडतो, ऐन, हिरडा, करवंदीच्या जाळ्या अंगाला लागायला लागतात आणि मोबाईलची रेंज जाते. साधारण 500 मीटर उतरून वाट खाली चावणी गावाकडे, अंबा नदीच्या खोऱ्यात पोहोचते. त्या तोंडाशी जी अरुंद खिंड आहे तीच उंबरखिंड.

2 फेब्रुवारी 1661. आधीच्या वर्षी शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला होता. चाकणचा किल्ला त्याने घेतला होता, पण त्यासाठी दोन महिने झुंजावं लागलं होतं. आता त्याला कोकण हवं होतं. त्याने कारतलबखान उझबेक या सरदाराला मोठी फौज देऊन पाठवलं. सोबत रायबागन होती, माहूरकडची, स्वतः फौजेचं नेतृत्व करणारी बाई. रायबागन ही तिला मिळालेली पदवी, तिचा अर्थ राजवाघीण.

कारतलबखानाने बोरघाट टाळला. बोरघाट सगळ्यांना माहीत असलेला, म्हणजे पहारा असणार. कुरवंडे घाट आडवळणाचा, तिथून गुपचूप कोकणात उतरू, असा हिशोब. कागदावर हिशोब चांगला आहे. मीही नकाशा समोर ठेवून बघितलं तर तोच निवडला असता! पण कागदावर वाटेची रुंदी दिसत नाही. एका वेळी एक-दोन माणसं जातील अशा वाटेवर फौज उतरली की ती फौज राहत नाही, ती रांग होते. पुढच्याला मागचं कळत नाही, मागच्याला पुढचं दिसत नाही. तोफखाना, सामानाचे बैल, घोडे, सगळे एकामागे एक. पुढे जाऊन वळायचं ठरवलं तर वळणार कुठे?

कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत ग्रंथात या प्रसंगाचं वर्णन आहे. परमानंद शिवाजी महाराजांच्याच काळातला, त्यांच्याच आज्ञेवरून लिहिणारा, आणि कवी. त्यामुळे थोडी अतिशयोक्ती हातचा एक धरून वाचायची. पण त्याने सांगितलेला एक तपशील मला फार खरा वाटतो. जंगलात वारा नव्हता आणि फौज तहानेने व्याकूळ झाली. जो कोणी फेब्रुवारीत दुपारी ही वाट उतरलाय त्याला हे सांगायची गरज नाही. उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच वरचे ओढे आटलेले असतात. पाणी कुठल्या झाडाखाली, कुठल्या खडकाच्या कपारीत मिळेल हे फक्त तिथे गुरं चारणाऱ्याला ठाऊक असतं.

महाराजांनी काय केलं? वाट अडवलीच नाही. फौजेला उतरू दिलं. सगळी रांग त्या चिंचोळ्या रानात शिरेपर्यंत डोंगरातले मावळे गप्प बसून राहिले. मग दोन्ही अंगांनी बाण, गोळ्या आणि दगड. थोड्याच वेळात कारतलबखानाला कळलं की लढायला जागाच नाही. शिवभारतात रायबागन त्याला सुनावते, की सिंहाच्या रानात शिरलास ही चूक झाली, आता शरण जा. आणि तो गेला. सगळं सामान तिथेच सोडायचं आणि जिवानिशी परत जायचं, या अटीवर त्याला वाट दिली गेली. आज तिथे नदीपात्रातल्या मोठ्या खडकावर समरभूमीचं स्मारक आहे.

ही लढाई आपण गनिमी काव्याचं उदाहरण म्हणून शाळेत वाचतो. ते बरोबरच आहे. पण गनिमी कावा म्हणजे नुसती युक्ती नव्हे. त्याच्या मुळाशी एक साधी माहिती असते, या रानात कुठून शिरता येतं आणि कुठून निघता येतं. ती माहिती राजगडावर तयार होत नाही. ती कुरवंडे, चावणी, उंबरे अशा गावांत असते. ठाकर, कातकरी, कोळी, धनगर, कुणबी यांच्या पायांत असते. मावळे लढले, हे आपण अभिमानाने सांगतो. मावळे आधी त्या वाटांवरून गुरं घेऊन, सरपण घेऊन चालले होते, हेही सांगायला हवं. कारतलबखानाकडे तोफा होत्या, हत्यारं होती, खजिना होता. एक विश्वासू वाटाड्या नव्हता.

'वाटाड्या' हा शब्द किती सुंदर आहे! वाट दाखवतो तो वाटाड्या. आणि इतिहासात याच माणसाचं नाव जवळजवळ कधीच येत नाही.

शंभराहून जास्त वर्षांनी पुन्हा तसंच झालं. या वेळी ईस्ट इंडिया कंपनी. 1778 च्या शेवटी राघोबादादांना पेशवा करायचं म्हणून मुंबईची फौज निघाली. कॅप्टन स्टुअर्ट आघाडीची तुकडी घेऊन बोरघाट चढला, हाच तो आपला ईस्टूर फाकडा. मागून मुख्य फौज तोफांसाठी वाट रुंद करत, हजारो बैल ओढत, मुंगीच्या पावलाने वर आली. जानेवारी 1779 मध्ये कार्ल्याजवळ स्टुअर्ट पडला. फौज तळेगावला पोहोचली तर मराठ्यांनी गाव आधीच जाळून रिकामं केलेलं, ना दाणा ना चारा. 11 जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात टाकून इंग्रज माघारी वळले आणि वडगावला घेरले गेले. तहावर सही करावी लागली. लढाईचे बाकी डावपेच हा वेगळ्या एपिसोडचा विषय आहे. इथे एवढंच बघा, की घाट चढून येणं जमलं, पण घाटमाथ्यावरचा मुलूख आपला नसेल तर त्या चढण्याला काही अर्थ नाही.

इंग्रज यातून शिकले, हे मान्य करायला हवं. पेशवाई संपल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर बोरघाट गाडीवाटेचा केला. 1830 मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तो रस्ता खुला केला. मग आली रेल्वे. जानेवारी 1856 मध्ये काम सुरू, 1863 मध्ये पूर्ण. जवळपास 25 किलोमीटरची चढण, 1,831 फुटांचा उठाव, 25 बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन काही आठवड्यांतच वारला, तर त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं. 1861 च्या सुमारास कामावर 40 हजारांहून जास्त मजूर होते. कॉलऱ्याने, तापाने, सुरुंगाने, कडे कोसळून माणसं हजारांनी मेली. कंत्राटदाराचं नाव आहे, इंजिनियर जेम्स बर्कलीचं नाव आहे. मजुरांची नावं? ओळखीची गोष्ट आहे ना? कार्ल्यात निदान सुताराचं नाव तरी होतं.

आणि आता शिंग्रोबा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले, एसटीवाले तिथे वेग कमी करतात, हात जोडतात, नाणं टाकतात. गोष्ट अशी सांगतात, की साहेबांना डोंगरातून रस्ता सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना आपली गुरांची वाट दाखवली. काम झाल्यावर साहेबाने विचारलं, बक्षीस काय हवं? तो म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या. साहेबाने त्याला गोळी घातली.

ही लोककथा आहे, दस्तऐवज नव्हे. स्वातंत्र्य मागण्याचा भाग नंतर जोडला गेला असावा असं मला वाटतं, त्याची भाषा जरा विसाव्या शतकातली आहे. पण कथेचा गाभा मला पटतो. सह्याद्रीत इंजिनियर कोऱ्या डोंगरावर रेघ मारत नाही. तो आधी विचारतो, तुमची गुरं कुठून उतरतात? ज्याने उत्तर दिलं त्याचं नाव सर्व्हेच्या रिपोर्टात गेलं नाही. ते लोकांनी देवळात ठेवलं. मला वाटतं, अख्ख्या सह्याद्रीत वाटाड्याचं एवढं मोठं स्मारक दुसरं नसेल, आणि ते सरकारने नाही, ड्रायव्हर लोकांनी टाकलेल्या नाण्यांनी चालू ठेवलंय.

रस्ता आणि रेल्वे आल्यावर बाकीच्या घाटांचं काय झालं? व्यापार सगळा बोरघाटाकडे वळला. लमाणांचे बैलांचे तांडे हळूहळू थांबले. कुरवंड्यासारख्या वाटा पुन्हा गावाच्या वाटा झाल्या, माहेरी जायच्या, आठवडी बाजाराच्या, लग्नाच्या वऱ्हाडाच्या. पुढे त्याही कापल्या गेल्या. लोणावळ्याच्या आसपास टाटांची धरणं झाली, त्यांच्या पाण्यावर खोपोलीत 1915 पासून वीज तयार होऊन मुंबईच्या गिरण्या चालल्या. आंदर मावळात ठोकळवाडीचं धरण आलं, पवन मावळात पवना धरण आलं. पाणी चढलं तशा खोऱ्याच्या तळातल्या वाटा बुडाल्या. उन्हाळ्यात पवनेचं पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ बाहेर येतं. लोक ते बघायला, रील काढायला गर्दी करतात. देवळाकडे जाणाऱ्या वाटा त्याच चिखलात असतात. त्यांचं रील कोण काढणार?

आणि आता चालू असलेली गोष्ट. सेकंड होम, फार्महाऊस, रिसॉर्ट. डोंगरउतारावर प्लॉट पडतात, तारेचं कुंपण येतं, गेट येतं, गेटवर वॉचमन येतो. वॉचमन बिचारा म्हणतो, पुढे खासगी आहे. ट्रेकर वळून दुसरीकडून जातो, त्याचा एक रविवार वाया जातो इतकंच. पण वरच्या वाडीतल्या बाईला रोज त्याच वाटेने डोक्यावर हंडा किंवा लाकडाची मोळी घेऊन जायचं असतं. तिचा फेरा वाढतो. म्हणजे पायवाट बंद होणं हा छंदाचा प्रश्न नाही.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर तुरुंगवास झालेत, माहितीये? 24 एप्रिल 1932 ला किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो कामगार पोरं मुद्दाम खासगी माळावरून चालत गेली. शिकारीसाठी राखलेला तो माळ. पाच जणांना शिक्षा झाली. त्यानंतर 1949 मध्ये कायदा आला आणि तिथल्या स्थानिक प्रशासनांना आपापल्या भागातल्या सगळ्या पायवाटा आणि घोडेवाटा नकाशावर नोंदवायला सांगितलं गेलं. एकदा नकाशावर आली की ती सार्वजनिक वाट. जमीन कोणाचीही असो, मालकाला ती बंद करता येत नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं समजू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 20 बघा. ज्या सार्वजनिक रस्त्यांवर, पायवाटांवर कोणाची खासगी मालकी नाही, त्या शासनाच्या. कलम 143 खाली शेतकरी बांधावरून रस्ता मागू शकतो. आणि मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट 1906, कलम 5, हा तर आपल्या पणजोबांच्या काळचा. शेतात जायचा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतो. पण हे सगळं शेतकऱ्याच्या शेतापर्यंतचं. डोंगर उतरून कोकणात जाणारी वाट, जिच्यावर दोन हजार वर्षं माणूस चाललाय, ती चालत्या माणसाची म्हणून कुठे नोंदवायची, याला आपल्याकडे तसा सरळ कायदा नाही.

पण नकाशा आहे! प्रत्येक महसुली गावाचा गाव नकाशा असतो. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. पायमार्गाची रुंदीसुद्धा ठरलेली, सव्वाआठ फूट. सव्वाआठ फूट! आपण ज्या वाटेवर एकामागे एक चालतो ती कागदावर दोन लादलेले बैल शेजारून जातील एवढी रुंद आहे. बाकीची कुठे गेली, हे कुंपणाला विचारा. गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळतो. जमिनीचे गट मोबाईलवरच महाभूनकाशाच्या साइटवर दिसतात. पुढच्या ट्रेकला जीपीएस ट्रॅक रेकॉर्ड करताच ना, मग घरी आल्यावर तो गाव नकाशावर ठेवून बघा. तुटक रेघ आणि तुमचा ट्रॅक जुळला तर ती माहिती त्या गावच्या ग्रामपंचायतीला द्या. कुंपणाचा वाद उद्या कधी तहसीलदारासमोर गेलाच, तर वाडीतल्या माणसाच्या हातात एक कागद असेल.

उंबरखिंडीला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. पावसाळ्यात अंबा नदीला आणि ओढ्यांना अचानक पाणी येतं, तेव्हा हट्ट करू नका. माणशी तीन लिटर पाणी घ्या, कारतलबखान आठवा. उतरायला दोन-तीन तास धरा आणि चावणीतून परतीच्या गाडीची सोय आधीच करून ठेवा. आणि कुरवंड्यातून कोणाला तरी सोबत घ्या. दादा, काका, मावशी, जे कोणी येतील ते. ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. वाटेत प्रत्येक ओढ्याचं, प्रत्येक वळणाचं नाव त्यांना विचारा आणि रेकॉर्ड करा. त्यांची परवानगी असेल तर तुमच्या ब्लॉगवर, व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमध्ये, त्यांचं नाव लिहा. ट्रेक लीडरच्या नावाच्या आधी.

तुमच्या भागात अशी एखादी बंद पडलेली घाटवाट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, गावाचं नाव आणि वाटेचं नाव दोन्ही सांगा. पुढच्या भागात आपण जुन्नरला जाऊ, नाणेघाटात, जकातीच्या त्या दगडी रांजणापाशी. भेटू!